बाबा, गाडी बाजूला घ्या

शनिवारी दुपारी पडद्यांच्या दुकानाला कुलूप दिसलं की गल्लीतले लोक समजायचे, आज ताई सरकारी झाली. एरवी आठवडाभर ही बाई गळ्यात टेप अडकवून लोकांच्या खिडक्या मोजायची, झालर हवी की नको यावरून जुंपलेल्या नवरा-बायकोंची समजूत घालायची आणि उरलेला वेळ मशीनवर वाकून कापडाच्या कडा दुमडायची. शनिवारी गळ्यातला टेप जाऊन तिथे शिट्टी यायची. पायात बूट, अंगावर गणवेश, दंडावर ‘राखीव’ असं लिहिलेली पट्टी. पोलिसांना माणसं कमी पडतात म्हणून गावातले काही लोक असे हौसेने मदतीला जातात, त्यांतली ही एक. पगार नाही, हातात काठी नाही. कुणाला धरायचं नाही, दंड करायचा नाही. थांबवायचं, नीट बोलायचं, आणि समोरचा अंगावर यायला लागला तर खऱ्या पोलिसाला हाक मारायची. घरात तिला ‘हौशी फौजदार’ म्हणत. हे नाव नवऱ्याने ठेवलं होतं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, आणि दिवसभर पोरांवर ओरडून घरी आला की बायकोची चेष्टा हाच त्याचा विरंगुळा.

ती पोलिसांत शिरली कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. दुकानासमोर रोज एक ट्रक उभा राहायचा. काचेत हौसेने लावलेला नमुन्याचा पडदा कुणाला दिसायचाच नाही, दिसायचं ते ट्रकचं चाक. ताई तक्रार घेऊन ठाण्यात गेली. ट्रक दोन दिवस गेला, पुन्हा आला. ताईही पुन्हा गेली. असं इतक्या वेळा झालं की ठाण्याच्या दारातली कुत्री तिच्यावर भुंकायची बंद झाली. शेवटी तिथले हवालदार, शांत स्वभावाचे, पोट सांभाळत हळूहळू चालणारे गृहस्थ, हात जोडून म्हणाले, “ताई, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ठाण्यात येता. आता गणवेशच घालून या ना.”

ते बिचारे चेष्टेत बोलले. हिने ते मनावर घेतलं. अर्ज भरला, कवायतीला गेली, बूट चावून पायाला फोड आले तरी मागे हटली नाही. पहिल्या दिवशी तिने शिट्टी अशी काही फुंकली की समोरचा सायकलवाला खाली उतरला आणि न विचारताच आपलं काय काय चुकतं ते सांगायला लागला. हवालदार पोट धरून हसले. पुढे वर्षभरात ठाण्याच्या खिडक्यांना पडदे आले, हवालदारांच्या उसवलेल्या पँटी ठीकठाक झाल्या, आणि हौशी फौजदार ठाण्यातली घरचीच होऊन गेली. ट्रकसुद्धा कायमचा हलला, पण तोवर तिला ट्रकचं काही पडलेलं नव्हतं. आपण हाताचा तळवा समोर धरला की एवढं मोठं धूड फुसफुस करत जागच्या जागी थांबतं, याची तिला चटक लागली होती. पडदे शिवून असं सुख मिळत नाही.

आणि हीच बाई, जगाला थांबवणारी, घरातल्या एका माणसाला थांबवू शकत नव्हती.

तो माणूस म्हणजे तिचे बाबा. आई-बाबा तिच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहायचे. बाबांनी जन्मभर अँब्युलन्स चालवली होती. गर्दीतून, चिखलातून, उलट्या दिशेने, कशीही. पण गाडीला कधी ओरखडा आला नाही, आणि पोचायला उशीर झाला म्हणून कुणाचं काही वाईट झालं नाही. हे ते स्वतः सांगायचे नाहीत, आई सांगायची, आणि बाबा शेजारी बसून ‘पुरे गं’ म्हणत ते सगळं ऐकून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी जुनी गाडी घेतली. सकाळी उठून ती पुसायची, आणि आईच्या गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायला तिला दवाखान्यात न्यायचं आणि आणायचं, हे आता त्यांचं काम. माणसाला काम लागतंच.

पण गेल्या काही महिन्यांत बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. चहा ओतायला घेतला तर अर्धा कपात आणि अर्धा बशीत. खुंटीला टांगलेल्या रेनकोटला एकदा ते ‘या, बसा’ म्हणाले, आणि सगळे बघताहेत असं लक्षात आल्यावर गंमत केल्यासारखं हसले. मग गाडीच्या पुढच्या बाजूला पोचा आला. “फाटकाचा खांब सरकलाय,” बाबा म्हणाले. खांब सिमेंटचा होता. ताईच्या जन्माच्या आधीपासून तो तिथेच होता.

ताईला सगळं दिसत होतं. डोळे तपासून घ्या म्हटलं की बाबा विषय बदलायचे. परदेशी असलेल्या भावाला तिने फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “तू तिथे आहेस, तूच बोल.” नवरा म्हणाला, “तुझे वडील, तू बोल. मी जावई. मला खाली गेलं की आयता चहा मिळतो, तो मिळू दे.” तिने हिंमत करून आईजवळ विषय काढला, तर आईने तिचा हातच घट्ट धरला. “काही बोलू नकोस त्यांना. गाडी गेली तर ते खचतील. मी आहे ना शेजारी.”

म्हणून ताई गप्प बसली. गप्प बसली, पण झोप उडाली. मशीनवर बसली असताना रस्त्यावर कुठे करकचून ब्रेक लागला तरी तिचा पाय पायट्यावरच थिजायचा. बाबांना काही होईल ही भीती तर होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. एखादं पोर चेंडूमागे धावत येईल, आणि ज्या माणसाने उभं आयुष्य लोकांचे जीव वाचवले, त्याच्याच हातून... पुढचं ती मनातसुद्धा बोलायची नाही.

शनिवारी दुपारी पुलाच्या अलीकडे नाका लागायचा. रस्त्यात चार शंकू मांडायचे, गाड्या हळू करायच्या आणि त्यांतली एखादी हाताने बाजूला घ्यायला लावायची. कुठली घ्यायची ते राखीव माणसाने ठरवायचं, पुढची तपासणी हवालदारांनी करायची. दिवे बघायचे, ब्रेक बघायचे, आणि शेवटी डोळ्यांची परीक्षा. ती अगदी साधी. ड्रायव्हरने जागेवर बसूनच, पुढे ठराविक अंतरावर उभ्या असलेल्या पोलिसांच्या जीपचा नंबर वाचून दाखवायचा. वाचता आला तर जा, नाही आला तर गाडी दुसऱ्याच्या हातात द्या आणि डॉक्टरकडे जा.

मागचे काही शनिवार दवाखान्यातून परतताना बाबा याच नाक्यावरून जात होते. ताईला वाटायचं, आपली लेक गणवेशात कशी दिसते ते बघायची म्हाताऱ्याला हौस. गाडी दिसली की तिचे कान गरम व्हायचे. थांबवावं की नाही हा प्रश्न मनात उभा राहायच्या आत हात आपोआप हलायचा. चला, पुढे चला. बाबाही मान हलवायचे आणि जायचे. मग पुढच्या दोन-तीन ड्रायव्हरांना उगाचच कडक बोलणी बसायची.

त्या शनिवारी ऊन छान पडलं होतं. पुलावर गर्दीही फारशी नव्हती. जीपचं इंजिन तापायला लागलं म्हणून ती गॅरेजात गेली होती आणि तिच्या जागी ठाण्याची पांढरी व्हॅन उभी होती. ताई त्या दिवशी दुकानातूनच परस्पर आली होती. नाका रमतगमत चालला होता. हवालदार बाकावर बसून बिस्किट खात होते, बाकाखाली एक कुत्रं चुऱ्यांची वाट बघत पडलं होतं. तेवढ्यात लांबून ती छोटी गाडी येताना दिसली.

ताईचा हात सवयीने वर जायला लागला होता. त्याच वेळी एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडायला उतरली. बाबांची गाडी हळू झाली नाही. काचेआड आईचं तोंड भराभर हलताना ताईला दिसलं, मग आईचा हात समोर आपटलेला दिसला, आणि मग कुठे गाडी हिसका खाऊन थांबली. एक शंकू आडवा झाला. ढकलगाडीवाली बाई आपल्याच नादात पलीकडे निघूनही गेली. मागे काय झालं हे तिला कळलंसुद्धा नाही. बाळ झोपेत होतं.

ताई पुढे झाली. अर्धवट वर गेलेला हात तिने तसाच पुढे केला, तळवा समोर.

“बाबा,” ती म्हणाली, “गाडी बाजूला घ्या.”

“अगं, तू होय!” बाबा खिडकीतून हसले. त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं होतं, चेहऱ्यावरून नव्हे. “घेतो की. पोलिसांचं ऐकायला हवं.”

हवालदार हातातले चुरे झटकत आले. आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, असा नियमच होता, त्यामुळे ताई दोन पावलं मागे सरकली. हवालदारांनी नमस्कार केला, दिवे बघितले, ब्रेक बघितले. मग खिडकीशी वाकून म्हणाले, “काका, आता फक्त एक. समोर आमची गाडी उभी आहे, तिचा नंबर वाचा बघू.”

बाबा ताठ बसले. डोळे किलकिले केले नाहीत, मान पुढे काढली नाही. खणखणीत आवाजात त्यांनी चारही आकडे म्हणून दाखवले आणि वर म्हणाले, “आणि हवालदार, जीपचं मागचं चाक बदला. झिजलंय.”

नंबर अगदी बरोबर होता. पण तो गॅरेजातल्या जीपचा.

झालं होतं असं, की एरवी ती जीप दर शनिवारी ताईला न्यायला घरासमोर यायची. ताई बूट घालेपर्यंत बाबा हातातलं फडकं घेऊन जीपभोवती एक चक्कर मारायचे, काच पुसायचे, चाकाला लाथ मारून बघायचे. जन्मभर गाड्यांत वावरलेल्या माणसाच्या डोक्यात नंबर आपोआप बसतो. आज समोर जीप नाही, भलीमोठी पांढरी व्हॅन आहे, हे मात्र त्यांना दिसलं नव्हतं.

हवालदारांनी व्हॅनकडे बघितलं. मग बाबांकडे, मग ताईकडे. त्या माणसाने आयुष्यात बरंच काही पाहिलं असणार. ते सावकाश म्हणाले, “ताई, माझा चष्मा कुठे राहिला कुणास ठाऊक. मला इथून काही दिसत नाही. काका बरोबर वाचले का, तुम्हीच सांगा.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

म्हणजे आता सगळं ताईवर आलं. ‘हो’ म्हटलं असतं तर बाबा मान ताठ ठेवून घरी गेले असते, हवालदारांनी जन्मात कधी विषय काढला नसता, आणि पुढच्या शनिवारी हात हलवायला ती मोकळी होती. तिने आईकडे बघितलं. आई समोर बघत बसली होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. रस्त्यावर आडवा पडलेला शंकू तसाच होता. त्याच्या पलीकडे, जिथून ती ढकलगाडी गेली, तिथे नुसतं ऊन पडलं होतं.

“नाही, हवालदार,” ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “चुकलं. बाबा, तिथे जीप नाहीये. व्हॅन आहे. पांढरी. तुम्हाला दिसत नाहीये, बाबा.”

 बाबांनी समोर नीट बघायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. ताईला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ‘गाडी गेली तर ते खचतील’ हे आईचं वाक्य तिच्या डोक्यात घण घालत होतं. बाबांनी गाडी बंद केली, चावी काढली, क्षणभर तळहातावर तोलली आणि खिडकीतून बाहेर धरली. हवालदारांकडे नव्हे, लेकीकडे.

“घे,” ते म्हणाले. “चालव आता तू.”

“सुटले गं बाई!” हा आवाज आईचा होता, आणि तो इतका मोठा होता की बाकाखालचं कुत्रं उठून उभं राहिलं. आई रडत होती की हसत होती ते कळेना, बहुतेक दोन्ही एकदमच चाललं होतं. “डावीकडे सायकल आहे, पुढे खड्डा आहे, सिग्नल लाल झाला, अहो थांबा, अहो आता निघा! किती महिने! बोलून बोलून माझा जबडा दुखायला लागला. गुडघा बरा करायला निघायचं आणि जीव रस्त्यातच टांगायचा!”

“मग मला गप्प का बसवलंस?” ताई ओरडलीच.

“मला काय माहीत, तू माझं ऐकशील म्हणून! एरवी कधी ऐकलंयस?”

यावर हवालदार पाठ फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. जरा सावरल्यावर त्यांनी आडवा शंकू उभा केला आणि म्हणाले, “ताई, नाका मी बघतो. तुमची ड्यूटी आज काकांना घरी पोचवायची. आणि काका, आमचं चाक खरंच झिजलंय. बदलून घेतो.”

बाबा उतरून मागच्या सीटवर जाऊन बसले. त्या गाडीत ते मागे कधीच बसले नव्हते; पाय कुठे ठेवायचे ते त्यांना समजेना. ताईने सीट पुढे ओढली, आरसा वळवला आणि गणवेशातच गाडी सुरू केली. पूल संपला. ताईला जाणवलं, आपण कित्येक दिवसांनी पोटभर श्वास घेतोय.

पुढचं आत्ताच सांगून टाकावं, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टर बाबांना बरंच रागावले. ऑपरेशन झालं आणि रेनकोट पुन्हा रेनकोट दिसायला लागला. गाडी चालवायची परवानगीही मिळाली असती, पण बाबांनी ती मागितलीच नाही. आईला दवाखान्यात न्यायचं काम चित्रकलेच्या मास्तरांकडे आलं. आयत्या चहाची वसुली झाली.

तर, त्या दिवशी. बाजारपेठ मागे पडल्यावर ताईने आरशात बघितलं. “बाबा, नंबर मुद्दाम पाठ केला होतात का हो?”

“छे. मुद्दाम कशाला? विचारलं आणि तोंडातून निघून गेला.” बाबा जरा ओशाळले. “नापास व्हायची सवय नाही ना. बोलून झाल्यावर मनात म्हटलं, पोरीच्या लक्षात येऊ दे म्हणजे झालं.”

“म्हणजे?”

बाबा खिडकीबाहेर बघत होते. आता बाहेर काय आहे हे ओळखायची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती.

“दवाखान्यातून घरी यायला पूल लागतो का?” ते म्हणाले. “नाही लागत. मागचा रस्ता जवळचा. मी मुद्दाम लांबून यायचो. सकाळी चावी उचलताना रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. चावी हातात आली की जीभच उचलायची नाही. मग वाटलं, आपली पोरगी नाक्यावर असते. सगळ्या गावाला थांबवते. मलाही थांबवेल. दर शनिवारी यायचो. तू आपली हात हलवून सोडून द्यायचीस.”

ताईला समोरचा रस्ता धूसर झाला. तिने गाडी एकदम हळू केली, बाहीने डोळे पुसले, पुन्हा पुसले. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. किती शनिवार तिने बापाला मान राखल्यासारखा हात केला होता, आणि तो बिचारा दर वेळी न थांबता पुढे गेला होता, सगळी भीती घेऊन.

“चुकलं माझं, बाबा,” ती कशीबशी म्हणाली.

मागून उत्तर आलं नाही. तिने आरशात बघितलं. आईने मागे वळून बघितलं आणि हळूच म्हणाली, “झोपले.”

खरंच झोपले होते. मान काचेला टेकलेली, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. उभ्या आयुष्यात या माणसाचा चालत्या गाडीत कधी डोळा लागला नव्हता. लागूच दिला नव्हता.

घर आलं. फाटक उघडंच होतं. वरच्या खिडकीतून नवऱ्याने हात केला. ताईने आईकडे बघितलं, “उठवू?”

“नको गं,” आई म्हणाली. “राहू दे.”

ताईने गाडी थांबवली नाही. फाटकावरून तशीच पुढे नेली, गल्लीच्या टोकाला वळवली, आणि बाबांना आपणहून जाग येईपर्यंत गावभर हळूहळू फिरवत राहिली.